नऊ नंबरची बोट

“अनीश, टीव्ही म्यूट कर ना प्लीज. पान सापडलंय.”

गिरिजाचा आवाज ऐकून अनीशने टीव्ही बंदच केला. लॅपटॉपवर ‘हॅलोरन’ जहाजाच्या नोंदवहीतलं दुसऱ्या महायुद्धातलं, एप्रिल पंचेचाळीसचं पान होतं. लहान बोटींतून सैनिकांना शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवणारं ते जहाज कधीच भंगारात गेलं होतं. त्याच्यावरच्या माणसांपैकी एकटे ऑरविल टेट उरले होते, वय अठ्ठ्याण्णव, अमेरिकेतल्या हर्नडनमधले गिरिजा-अनीशचे शेजारी. घरात दोघं त्यांना टेटकाकाच म्हणत.

गिरिजा आठवडाभर ऑफिसात डेटातल्या चुका साफ करायची आणि शनिवारी या जुन्या नोंदी टाइप करायची, तेही फुकट. अनीश त्यावरून तिला चिडवून हैराण करायचा. आज मात्र त्याची चेष्टा जागच्या जागी विरली.

टेटकाकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्या सकाळी बोटी वर ओढायच्या यंत्रावर ते होते. शत्रूची विमानं आली की बोट वर घ्यायची नाही, असा हुकूम होता. सगळीकडे धूर सोडलेला. जखमींना घेऊन एक बोट आली आणि त्यांनी तिला हाताने इशारा करून परत पाठवलं. तिचा नंबर त्यांना दिसला नाही. त्यांचा थोरला भाऊ नऊ नंबरवर होता. परत पाठवलेली ती बोट नऊच होती का?

पानावर लिहिलं होतं: ‘११.१०, बोट ९ जखमींसह आली. दूर राहण्याचा इशारा. ११.१९, बोट ९ वर बॉम्ब. कोणी वाचलं नाही.’

“सांगू नकोस यार,” अनीश म्हणाला. “शाई फुटलीये म्हण. नाइंटी-एट आहेत ते!”

गिरिजाला ते पटलं, आणि पटलं याची लाजही वाटली. लॅपटॉप घेऊन ती शेजारी गेली.

टेटकाका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. डोळे जवळजवळ गेलेले, पण तिची पावलं त्यांनी दारातच ओळखली. घरात रेडिओसुद्धा चालू नव्हता.

“शाई फुटली आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “नंबर वाचता येत नाही.”

“वेळ वाचता येते?”

“अकरा दहा.” ती बोलून गेली.

“वेळेला लागूनच नंबर लिहायचे आमच्याकडे,” ते म्हणाले. “शाई नेमकी तेवढ्यावरच फुटली?”

गिरिजाची मान खाली गेली.

“जसं आहे तसं वाच, पोरी.”

तिने वाचलं. दोन ओळी संपायला जन्म लागला. टेटकाकांनी विचारलं, “इशारा कोणी दिला, ते लिहिलंय?”

“नाही. नाव नाही कुणाचंच.”

“तुझ्या त्या कॉम्प्युटरवर इशाऱ्याच्या ओळीशेजारी टीप घालता येते ना?”

“येते. पण काका, तुम्ही हुकूम पाळलात…” ती चुकून मराठीतच बोलली.

त्यांनी अर्थ विचारला नाही. एकेक अक्षर सुटं करून ते स्वतःचं नाव सांगू लागले. गिरिजाने टाइप केलं. मग त्यांनी तिच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं, आणि आडनावाशी ती अडखळली तेव्हा शांतपणे दुरुस्त केलं.