रिकामा ग्लोव्ह

विरेमू बाकावरून उठला की आधी त्याचे गुडघे बोलतात. वाळक्या शेंगा पायाखाली चुरडाव्यात तसा कोरडा आवाज होतो, आणि मग सावकाश, जणू एकेका सांध्याची परवानगी घेत, त्याचा सहा फुटी देह सरळ होतो. वीस उन्हाळे तो सॉफ्टबॉलमधला कॅचर होता. म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून अंगावर येणारा चेंडू झेलणारा माणूस. खेळ संपला, पण ती बैठक त्याच्या पायांतून उठली नाही.

माझी मुलगी हिल्सबरोजवळच्या क्लबात खेळते, म्हणून माझी शनिवारची सकाळ मैदानाच्या कडेला जाते. फेब्रुवारीत, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या ऐन उन्हाळ्यात, इथलं गवत फिकट पिवळं पडतं, झाडांतून सिकाडा किड्यांची अखंड किरकिर चालू असते, मानुकाऊ खाडीच्या बाजूने येणारा वारा चुन्याच्या रेघा पुसत राहतो, आणि त्या लख्ख, कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या उजेडात म्हातारे खेळाडू डोळे बारीक करून पोरींच्या चुका टिपत बसतात.

क्लबाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला, तेव्हा जुन्या खेळाडूंच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. अध्यक्षांनी एका भाषणात ‘वारसा’ हा शब्द सात वेळा उच्चारला आणि काम माझ्यावर आलं. भारतीय इंजिनिअरला कुठलंही यंत्र चालवता येतं, अशी इथे श्रद्धा आहे.

जुन्या खेळाडूंपैकी बॅरीचं ध्वनिमुद्रण आधी झालं. त्याचा किस्सा साऱ्या क्लबाला पाठ होता. अंतिम सामन्याचा शेवटचा डाव, बॅरी जिवाच्या आकांताने होम प्लेटकडे, धाव पुरी होते त्या चौकटीकडे, धावत सुटलेला, आणि तेव्हा प्रतिस्पर्धी संघात असलेला कॅचर विरेमू त्याला चेंडूसह ग्लोव्ह टेकवून अर्ध्या पावलाने बाद करतो. सामना गेला. देशाच्या संघाची निवड त्याच दिवसावर टांगलेली होती. यादीत बॅरीचं नाव आलं नाही, आणि पुढल्या वर्षी त्याने खेळ सोडला. “माझे पाय शिशाचे होते,” असं म्हणून तो हसायचा. पुढे दोघं एकाच कारखान्यात तीस वर्षं राबले, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत नाचले, आणि बॅरी हा किस्सा सांगे तेव्हा विरेमू त्याच्याशेजारी बसून चहात बिस्किट बुडवत राही.

विरेमूची पाळी आली तेव्हा त्याने माझ्या यंत्रावरचा लाल ठिपका पेटल्याची खात्री करून घेतली. मग त्याने सांगितलं, की चेंडू त्याच्या उजव्या हातात होता. धुळीच्या त्या लोटात बॅरीच्या खांद्याला लागला तो डाव्या हातातला रिकामा ग्लोव्ह. नियमाप्रमाणे चेंडूविना झालेला असा स्पर्श म्हणजे काहीच नव्हे. पंच वाकून पाहीपर्यंत त्याने चेंडू ग्लोव्हमध्ये सरकवला होता. हात आधी करून मोकळे होतात, डोकं मागून पोहोचतं, असं तो म्हणाला. आणि डोकं पोहोचलं तेव्हा त्याचा संघ त्याला खांद्यावर घेऊन नाचत होता.

पुढल्या आठवड्यात बॅरी कायमचा दूर दक्षिणेच्या डनीडनला, लेकीकडे राहायला चालला होता. त्याआधी त्याला सांगायलाच हवं, असं विरेमूच्या मनाने घेतलं होतं. इतक्या वर्षांनी गप्प राहणं हाही सभ्यपणाच ठरेल, असं मी शहाणपणाने सुचवून पाहिलं.

“गप्प राहून मी सभ्य दिसलो, मेट. एवढंच,” तो म्हणाला.

त्या शनिवारी चहाच्या वेळी त्याने बॅरीला सांगितलं. शेजारच्या टेबलावर मी एका स्कोनला, त्या छोट्या गोडसर पावाला, अकारण लोणी फासत बसलो होतो. बॅरी स्वतःच्या बुटांकडे पाहत होता, जणू दुसऱ्या कुणाचे बूट चुकून घालून आला असावा.

“आयुष्यभर मी या पायांना शिव्या दिल्या, विरेमू. पोरगा शर्यतीला उभा राहिला, तेव्हा त्यालासुद्धा सांगितलं, आपल्या घराण्यात वेग नाही.”

“माहीत आहे. मी शेजारीच होतो.”

“हो. तू शेजारीच होतास.”

आवाज कुणाचाच चढला नाही. बॅरी उठला, कप विसळून पालथा घातला, हात पुसले आणि गाडीकडे गेला. संताप अनावर झाला तरी आपला कप दुसऱ्यासाठी टाकून जायचा नाही, अशी इथली रीत. घरी परतताना माझ्या लेकीने इंग्रजीत विचारलं, ते दोघं आता फ्रेंड्स नाहीत का. मी मराठीत म्हटलं, माहीत नाही.

बॅरी डनीडनला गेला. विरेमूने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा बॅरीच्या लेकीने उचलला आणि बाबा झोपलेत असं सांगितलं. उन्हाळा ओसरला, सिकाडा थांबले, मैदानावरच्या सावल्या लांबल्या. महोत्सवात बॅरीचा किस्सा ऐकवावा, असा अध्यक्षांचा आग्रह आहे. विरेमू म्हणतो, ऐकवायचे तर दोन्ही ऐकव. मी अजून कुणालाच उत्तर दिलेलं नाही. दोन्ही आवाज मी एकामागून एक ऐकतो तेव्हा वाटतं, काळाने या दोघांना इतकी वर्षं एका खोट्या गोष्टीत आसरा दिला होता, आणि तिथे ते निदान एकत्र होते. खऱ्या गोष्टीत मात्र विरेमूला एकट्यानेच राहायचं आहे.