टोकाचा पीळ

“सहा,” संघपाल म्हणाले.

“सहा,” राजश्रीनं उत्तर दिलं आणि तापलेली तार दोघांच्या मधल्या थर्माकोलात एकदमच सहाव्या खुणेवर आली.

खेळण्यातल्या विमानाचा पंख असाच कापायचा असतो. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना सनमायकाचे साचे खिळ्यांनी बसवायचे, मुळाकडे मोठा, टोकाकडे लहान. दोघांनी तारेचं एकेक टोक धरायचं आणि साच्यावरच्या खुणा मोठ्यानं म्हणत सरकवत न्यायचं. मोठ्या साच्यावरच्याला वाट लांब, लहानावरच्याला थोडकी; तरी दोघांनी आकडा एकाच वेळी गाठायचा. एक जण रेंगाळला की तार तिथं जास्त जाळते आणि पंखाला खड्डा पडतो. खेळणं म्हणायचं आपलं नावाला. ते आकाशात गेलं की खेळ संपतो, हे उडवणाऱ्यालाच ठाऊक.

टोकाची बाजू राजश्रीनं आज वडिलांना, अप्पांना, दिली होती. आजवर ते मुळाशी बसत. ती म्हणाली, “मला मोठा साचा नीट बघायचाय,” आणि ते उठून टोकाशी जाऊन बसले. लहान साच्यावर हात सावकाश चालला तरी भागतं, एवढं त्यांनाही कळत होतं.

संघपाल भालकीच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. मागच्या साली त्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. उजवा हात मात्र सांगितलेलं काम जरा उशिरानं करायचा. जमिनीवर त्याचं काही अडत नव्हतं. चहा थोडा सांडायचा, एवढंच. पण रिमोटची विमान कलतं करणारी दांडी उजव्याच हाताखाली असते. उन्हाळ्यात उतरताना त्यांचं लाडकं विमान डाव्या पंखावर कोसळलं, आणि मास्तरांनी तुकडे स्वतः पोत्यात गोळा करून आणले. रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले, “शोभा, अजून एक करू. ते बी पडलं तर रिमोट देऊन टाकतो कुणाला तरी.”

शोभाबाईंनी फोन करून ते लेकीला जसंच्या तसं सांगितलं. मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तंबाखू अशीच एका वाक्यात सुटली होती.

राजश्री बिदरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि दर रविवारी बस धरून घरी यायची. दिवाळीनंतर एका रविवारी अप्पांनी तिच्यापुढं कागद ठेवला.

“तसाच पंख पाहिजे. बारीक. पाठ अन पोट सारखं, नाक टोकदार. सपाट पोटाचं ते नवशिक्यांचं मला नको.”

“अप्पा, जरा जाड केला तर सावकाश उडंल.”

“मला कामून सावकाश पाहिजे?”

तिनं मान डोलावली.

मग महिनाभर ती रोज कॉलेज सुटल्यावर कॉम्प्युटरपुढं बसली. पंख आडवा कापला की जो आकार दिसतो, सगळं त्याच्यात असतं. नाक किती गोल, फुगवटा कुठवर, मागच्या कडेला, शेपटीकडं, किती निमुळता. केसभर इकडंतिकडं केलं की विमानाचा स्वभाव बदलतो. शेकडो आकार तिनं चाळले, हळू वाऱ्यात कोणता किती उचलतो ते पाहिलं, आणि शेवटी मुळाशी अप्पांना हवा तोच आकार ठेवला. लबाडी केली ती टोकाशी. टोकाच्या साच्यात तिनं खिळ्यांची भोकं अशी पाडली, की शेपटीकडची कड दोन अंश वर राहावी. एवढा पीळ असला की विमान हळू झाल्यावर पंखाचं मूळ आधी दम सोडतं, टोक मात्र धरून ठेवतं. विमान कोसळत नाही, नुसतं डुलतं. तेही तिनं अगदी बेतानं केलं. थोडं कलू द्यायचं होतं, नाहीतर अप्पांना संशय आला असता. पोरगी हुशार खरी. बापाचा मान आणि बापाचं विमान, दोन्ही तिला राखायचं होतं.

“बारा,” अप्पा म्हणाले, आणि तार शेपटीतून बाहेर आली. दोन्ही पंख झाले. गुळगुळीत, कुठं खड्डा नाही.

“जमलं की,” राजश्री म्हणाली.

संघपालांनी आपल्या बाजूचा साचा घाईनं उपटून घेतला.

पुढचं काम त्यांनी आठवडाभरात एकट्यानं केलं. पंख जोडले, वरून कागद चढवला, रंग दिला. राजश्रीनं ते विमान पाहिलं ते पुढच्या रविवारी, गावाबाहेर मेहकरच्या वाटेवर जगदेवप्पांच्या शेतात. जगदेवप्पांची तूर निघून गेली होती आणि रान मोकळं होतं. दर वेळेसारखे ते धुऱ्याच्या बांधावर बसले होते. ह्या विमानांचं त्यांना फार कौतुक.

हातातून सुटलं ते सरळ वर गेलं. संघपालांनी दोन फेऱ्या मारल्या आणि मग ते बरंच उंच नेलं. ही त्यांची जुनी रीत. नव्या विमानाला वर नेऊन मोटार बंद करायची आणि दांडी पोटाकडं ओढत राहायची, ते पडेपर्यंत. कसं पडतं ते एकदा वर बघून घ्यायचं, म्हणजे खाली घात होत नाही. स्वभाव विचारणं, असं ते म्हणायचे.

त्यांनी दांडी ओढली. विमान हळू झालं. आता डावीकडं थोडं कलंडेल, राजश्री मनात म्हणाली. विमानानं नाक खाली केलं, पुन्हा वर केलं आणि डुलत राहिलं. दांडी पूर्ण ओढलेली, तरी ते पडेना.

राजश्रीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिचं गणित असं सांगत नव्हतं. तिनं अप्पांकडं पाहिलं, तर त्यांच्याही कपाळाला आठ्या.

उतरताना शेवटच्या वळणावर हात चुकलाच. दांडी उशिरा वळली, विमान आडवं झालं, वेग गेला. उन्हाळ्यात असंच झालं होतं. विमानानं पंख सावकाश सरळ केले आणि ते ढेकळांवर येऊन टेकलं.

“मास्तर, हे तर कोंबडी बसल्यावाणी बसलं,” जगदेवप्पा म्हणाले आणि विमान आणायला निघाले.

त्यांनी आणून दिलेलं विमान राजश्रीनं मागून डोळ्यांसमोर धरलं. दोन्ही टोकांच्या कडा वर होत्या. तिनं ठेवल्या होत्या त्याच्या दुप्पट.

“अप्पा, टोकाचा खिळा तुम्ही कुठं मारलाव?”

संघपाल रिमोटचा पट्टा गळ्यातून काढत होते. ते थांबले.

“तुझ्या भोकात न्हाई मारलो. मागं नवीन भोक पाडलो, जरा खाली, म्हंजे साचा मागून वर उचलतो. तू चहा आणायला गेलतीस तवा.” त्यांनी जगदेवप्पांकडं पाठ केली आणि आवाज उतरवला. “तू माझ्यासाठी एवढा महिनाभर बसून बारीक पंख काढलीस. आता मला तो पेलवत न्हाई, हे तुला कसं सांगावं? म्हणून दोन अंश पीळ दिलो. पण कागद लावताना बघतो तर लई जास्त झालेला. हात थरथरला असंल. ह्या हातानं आता मापाचं काम बी व्हायचं न्हाई, राजू.”

“अप्पा, साच्यात दोन अंश मीच दिले होते. तुम्हाला न सांगता.”

तिनं टोकाच्या कडेवर बोट ठेवलं.

“चार झालेत. दोन माझे. म्हणजे तुमचे दोनच. दोन्ही पंखांना सारखे. एका बाजूला जरी कमीजास्त असतं, तर आज ते गरगर फिरून पडलं असतं. तुमचा हात थरथरला न्हाई.”

संघपालांनी उजवा हात पुढं धरला, उलटा केला, सुलटा केला. तो थोडा हलत होता. त्यांनी तो हलू दिला.

“दोनच?” त्यांनी विचारलं.

“मोजून दोन.”

ते खाली वाकले आणि विमानाच्या पोटाला लागलेली माती हातानं झाडू लागले. मग न बघताच म्हणाले, “पुढच्याला मूळ मला दे. टोक तू घे. अन आपण दोघंच आहोत तर पीळ किती द्यायचा, ते आधी बोलून ठरवू.”