खिडकीजवळची खुर्ची

आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकटीचा फोटो घरात सापडला नाही. शेवटी मामेबहिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून स्टुडिओवाल्याने तिला कापून काढली आणि मागे निळा रंग भरला. आईच्या खांद्यावर कुणाची तरी बोटं तशीच राहून गेली. ती मावशीची, हे शलाकाने ओळखलं. बाकी कुणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी, २००३ साली, शलाकाने उल्हासनगरच्या बाजारातून एक जुना रोलचा कॅमेरा घेतला आणि तिथल्याच कॅम्प तीन भागातल्या एका स्टुडिओच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी चालणाऱ्या फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं. तशी ती कुठे जाणारी नव्हती. बदलापूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, वय सदतीस, लग्न राहून गेलेलं. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि संध्याकाळी फ्लॅटवर येऊन टीव्ही लावायचा, बघायला नव्हे, नुसता आवाज हवा म्हणून.

शिकवणारे हिरानंद सर साठीच्या पुढचे. आयुष्य लग्नांचे फोटो काढण्यात गेलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिचा कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला.

"अच्छा आहे. पण ह्याला डोकं नाही मॅडम. डोकं तुम्ही लावायचं."

वर्गातली बाकीची मुलं कॉलेजची होती. शिवाय अंबरनाथचं एक लग्न ठरलेलं जोडपं होतं, राजरत्न आणि स्वप्नाली, एकाच कॅमेऱ्यावर दोघं शिकणारं. पण सगळ्यांत आधी जमलं ते शलाकाला. एक डोळा मिटून दुसऱ्याने बघायची तिला सवयच होती. कॅमेऱ्याच्या आतली उजेड मोजणारी सुई मधोमध आली की उजेड बरोबर, हे तिला लगेच कळलं. लेन्स जास्त उघडली की एकच गोष्ट स्पष्ट येते आणि मागचं सगळं विरघळून जातं, हेही कळलं. ते तिला फार आवडलं.

मग सरांनी घरचा अभ्यास दिला. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, एका माणसाचा चेहरा. फोकस डोळ्यांवर.

"घरातलं कोणीही बसवा," सर म्हणाले. "फक्त हलू देऊ नका."

शलाकाने मान डोलावली.

त्या आठवड्यात तिने अंबरनाथच्या भावाला मोबाईलवर फोन केला. सगळे वहिनीच्या माहेरी गेले होते. लॅबमध्ये कुणाला विचारायचं तर आधी घरी बोलवावं लागणार, आणि इतक्या वर्षांत तिने कुणाला बोलावलं नव्हतं. शुक्रवारी तिने समोरच्या दाराची बेल वाजवली. साखळी न काढता एका बाईने दार किलकिलं केलं.

"मी समोरच राहते. तुमचा एक फोटो काढायचा होता. मी शिकतेय."

"माझा? कशाला?"

"असाच. चेहऱ्याचा. खिडकीजवळ बसायचं फक्त."

बाईने तिच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "ह्यांना विचारून सांगते," म्हणाली आणि दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. शलाका थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग आपल्या घरात आली.

शनिवारी सकाळपर्यंत उत्तर आलं नाही, तेव्हा खिडकीजवळ तिने खुर्ची ठेवली. माणसाचं डोकं जिथे आलं असतं त्या उंचीवर, खुर्चीच्या पाठीवर, फोकस धरला, रोल संपवला आणि स्टुडिओत धुवायला दिला.

रविवारी सरांनी सगळ्यांचे प्रिंट टेबलावर मांडले. कुणाची आई, कुणाचा मित्र. राजरत्नने काढलेली स्वप्नाली हलली होती, तरी हसताना छान दिसत होती. त्यांच्या शेजारी रिकामी खुर्ची.

सरांनी तो प्रिंट उचलून डोळ्यांजवळ धरला. "उजेड बरोबर. फोकस बढिया. पण बंदा किधर है, मॅडम?"

"कुणी नाही, सर," शलाका म्हणाली.

सरांनी प्रिंट खाली ठेवला, एक खुर्ची ओढत खिडकीशी नेली आणि तिच्यावर बसले.

"घ्या. माझा काढा."

शलाका पुढे झाली. सरांना हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. आधी मांडीवर ठेवले, मग घडी घातली, मग शर्टाची कॉलर नीट केली.

"हात राहू द्या, सर. मान थोडी उजेडाकडे. एवढी नको. श्वास सोडा."

असं सलग कुणाशी ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती. लेन्समध्ये सरांचा चेहरा आधी धूसर होता. रिंग फिरवत गेली तशा पापण्या दिसल्या, मग बुबुळात खिडकीचा छोटासा चौकोन. ते तिच्याकडेच बघत होते. इतक्या जवळून, इतका वेळ, तिच्याकडे कुणी बघितलेलं तिला आठवेना. बोट बटणावर थांबलं.

"दाबा की," सर ओठ न हलवता म्हणाले. "डोळ्यात पाणी आलं माझ्या."

मुलं हसली. तिने बटण दाबलं.

तो फोटो चांगला आला. सरांच्या सुनेने मोठा करून घरात लावला, असं त्यांनी पुढच्या रविवारी सांगितलं. तो वर्गाचा शेवटचा दिवस होता. सगळे कोपऱ्यावरच्या गाडीवर सिंधी दाल-पकवान खायला निघाले.

"मॅडम, चला ना," स्वप्नाली म्हणाली.

"नको गं, घरी वाट बघत असतील," शलाका सवयीने बोलून गेली. पण हे सगळे तिथेच उभे होते, मागच्या रविवारी तिचं 'कुणी नाही' ऐकलेले.

सर जिन्यात थांबून चप्पल घालत होते.

"मग बघू दे थोडी वाट," ते म्हणाले.

ती गेली. गाडीपाशी उभं राहून सगळ्यांबरोबर खाल्लं. पकवानाची पुरी कडक होती आणि तिच्या ओढणीवर डाळ सांडली. राजरत्नने रुमाल दिला. दुपारी ती बदलापूरला परतली तेव्हा घर सकाळी सोडलं तसंच होतं. तिने ओढणी भिजत घातली. टीव्ही लावायचा राहून गेला, हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.