लाकडाची खुंटी

इंजिन आणि बोटीची भिंत यांच्यात दोन वीत जागा होती. सात वर्षांपूर्वी मिस्त्री त्या फटीत पाकिटात पत्र सरकावं तसा सरकायचा. आता आधी श्वास सोडावा लागे, मग पोट जाई आणि त्यामागून उरलेला माणूस. बाहेर येतानाचा क्रम पोटाच्या मर्जीवर होता.

आज बोटीवरचा शेवटचा दिवस. उद्या सकाळी आठला त्याला किनाऱ्यावरच्या वर्कशॉपात नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. तिथे खुर्ची होती आणि तिच्यामागे खिडकी. बोटीचे मालक म्हणजे त्याचे सासरे. त्यांनी एकच अट घातली होती, "पंपाची गळती काढा आणि खुशाल जा." इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकीतलं लिटरभर पाणी रोज गायब होत होतं आणि बाहेर थेंब दिसेल तर शपथ.

सकाळपासून त्याने नळ्या चाचपल्या, क्लिपा आवळल्या, जोडाजोडाला वर्तमानपत्राच्या पट्ट्या गुंडाळून इंजिन तासभर पळवलं. पट्ट्या ठणठणीत कोरड्या. मग तेल तपासलं, तर ते दुधाच्या चहासारखं. पाणी बाहेर न पडता आत जात होतं.

म्हणून तो आता टॉर्च दातांत धरून पंपाच्या पोटाखाली बोटं फिरवत होता. तिथे एक बारीक भोक असतं. पंपातलं पाणी अडवणारं सील गेलं की पाणी तिथून टपकतं, म्हणजे माणसाला कळतं. बोटाला भोकाऐवजी लाकूड लागलं.

खुंटी त्याने ओळखली. सात वर्षांपूर्वी त्यानेच ती तासून या भोकात ठोकली होती. तीन मिस्त्र्यांनी जिच्यापुढे हात टेकले ती गळती त्याने दहा मिनिटांत थांबवली, तेव्हा खूश होऊन मालकांनी मुलगी दिली. महिन्याभराने त्याने गुपचूप सील बदललं. खुंटी काढायची राहिली. लग्नाची धांदल होती.

आता तेही सील गेलं होतं. पंपाची दांडी हलवली, तर ती हलत्या दातासारखी डुगडुगली. बेअरिंग संपलेलं. एवढ्या जुन्या इंजिनाचं बेअरिंग घडवून आणायचं तर महिना, आणि वर्कशॉप एक दिवसही थांबणार नव्हतं.

वरच्या झडपेतून सासऱ्यांचं डोकं डोकावलं.

"जावईबापू, बाहेर थेंब नाही ना? मग गळती नाहीच समजा. या वर. दुपारच्या खेपेला चाळीस माणसं आहेत."

नुसतं 'हो' म्हटलं की सुटका होती. पाण्याच्या मधोमध पंप अडकला, तर तेव्हा तो खिडकीपाशी असणार होता.

त्याने पकडीने खुंटी उपसली. टप. टप.

"सापडली, मामा."

"शाब्बास! कुणी केली?"

"मी. सात वर्षांपूर्वी."

त्याने खुंटी वर धरली. सासऱ्यांनी ती घेतली आणि चष्मा लावून उलटसुलट पाहिली.

"हिच्यावर मी पोरगी दिली?"

"हो, मामा."

"तिला सांगू नका. तिला इंजिनातलं कळतं." त्यांनी खुंटी खिशात टाकली. "खेप रद्द करतो. किती दिवस लागतील?"

"महिना."

"आणि तुमचं वर्कशॉप?"

मिस्त्रीने बाहेर निघायला श्वास सोडला, खांदा वळवला. पोट जागचं हललं नाही.

"मामा, जरा हात द्या."

सासऱ्यांनी हात पुढे केला. त्यात पाना होता.

"आधी पंप उतरवा. नाहीतरी तिथेच आहात."