चालणाऱ्याचं नाव

मी पेरॅम्ब्युलेटर बोलतोय. नाव ऐकून, मला बाबागाडी समजून, तुम्ही माझ्यात बाळ शोधत असाल तर थांबा. माझ्यात बाळ नाही, गादी नाही, उन्हासाठी छत्रीही नाही. मी रस्ते मोजणारं चाक आहे. लाकडी आरे, भोवती लोखंडी धाव, धरायला लांब दांडा आणि आसाजवळ पितळी तबकडी. माझा एक फेरा म्हणजे सव्वाआठ फूट. फेरा पुरा झाला की तबकडीत 'टिक्' वाजतं आणि काटा एक घर पुढे सरकतो. एवढंच माझं शिक्षण.

विलायतेत घडलो आणि १८६९ साली ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत आलो. माझी पेटी उघडणारा जवान गडी कळव्याचा, सहदेव नावाचा. रोज होडीने खाडी ओलांडून कामावर यायचा. माझं नाव काही त्याच्या तोंडात बसेना. "पेराम," तो म्हणाला, आणि पुढची बावीस वर्षं मी पेरामच राहिलो.

सहदेव मला ढकलत पुढे, हरिहर कारकून वही घेऊन मागे, अशी आमची वरात निघे. ठाकुर्ली, कल्याण, पार खडवलीपर्यंत. आम्ही मोजायचो, मग तिथे मैलाचा दगड बसायचा. येणारेजाणारे दगडावरचा आकडा वाचतात. तो आकडा कोणाच्या टाचांच्या भेगांतून आला, हे मात्र कोणी विचारत नाही. मला याची चीड येते, अजूनही.

सहदेवचा एक नियम होता. मला मागे ओढायचं नाही. मागे ओढलं की काटाही मागे येतो आणि चाललेली वाट पुसली जाते. रस्ता चुकला तर तो मला खांद्यावर उचलून घेई, पण उलटा फिरवत नसे. त्यापायी एकदा भर चिखलात मला खांद्यावर घेऊन तो कमरेपर्यंत रुतला होता.

हरिहरला वाचनाचा नाद. एके दुपारी तो शब्दकोश उघडून हसायला लागला. "अरे सहदेव, हे नाव चाकाचं नव्हेच मुळी! पेरॅम्ब्युलेटर म्हणजे हिंडणारा माणूस. माणसाचं नाव मागाहून चाकाला दिलं. खरा पेरॅम्ब्युलेटर तू!"

"मंग रोज तेल चाकाला कशाला घालतंव?" सहदेव म्हणाला. "माझे गुडघ्यांना घाला."

मला ते ऐकून बरं वाटलं. चालणाऱ्याचं नाव आपल्याला मिळालंय, म्हणजे आपण चांगल्या घरचे.

पण शब्दही माणसांसारखेच बिऱ्हाड बदलतात. काही वर्षांनी एका साहेबाच्या मडमेने बाळासाठी गाडी मागवली. काळी चकचकीत, वर छत्री. तिचं नावही पेरॅम्ब्युलेटरच. तलावाकाठी ती फिरू लागली आणि बघता बघता माझं नाव तिच्या मालकीचं झालं. कचेरीत नवा आलेला शिपाई मला पाहून म्हणाला, "हा कसला पेरॅम्ब्युलेटर? ह्यात बसायचं कुठे?" चालणाऱ्याचं नाव आता बसणाऱ्याच्या गाडीला! मी मनातून फार कडवट झालो.

१८९१ साली माझी धाव झिजली आणि मला मोडीत काढलं. सहदेवचेही गुडघे गेले होते, त्यालाही त्याच महिन्यात घरी बसवलं. कचेरीचं सुतारकाम करणाऱ्या रुडॉल्फने मला मागून घेतलं. तो ठाण्याचाच, चर्चजवळच्या आळीतला. मला घरी नेताना तो वाटभर खुशीत शीळ घालत होता. का, ते घरी गेल्यावर कळलं.

त्याची मुलगी सेसिलिया आठ वर्षांची. दोन वर्षांपूर्वीच्या तापाने तिच्या पायांतला जोर गेला होता. उभी राहायची, चार पावलं टाकायची, की डावा पाय मागे राहायचा. तिची आई बिट्रिस तिला कडेवर घेऊनच सगळीकडे न्यायची. मे महिन्यात सेसिलियाचं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसादाची भाकर घेण्याचा सोहळा. त्या दिवशी आळीतली मुलं पांढरे कपडे घालून, नाक्यावरच्या क्रुसापासून चर्चपर्यंत रांगेत चालत जातात. रुडॉल्फने ठरवलं होतं की माझं चाक लावून मडमेच्या गाडीसारखी गाडी करायची आणि पोरीला राणीसारखी बसवून न्यायची. मागची दोन लहान चाकं त्याने तासूनही ठेवली होती.

"मना बसून नाय जावाचा," सेसिलिया म्हणाली.

"अगो, मडमेचे पोरीसारखी जाशील!"

"मडमेची पोर तान्ही हाय. मी नाय."

रुडॉल्फने ऐकलं न ऐकल्यासारखं करून करवत उचलली. तेवढ्यात सहदेव दारात आला. माझी खबर घ्यायला कळव्याहून आला होता तो, लंगडत. करवत पाहून ओरडलाच, "थांब रं! पेराम चालवाचा हाय. बसवाचा नाय."

"आणि पडली म्हंजे?" बिट्रिस म्हणाली. "सगले गावासमोर?"

"मी बावीस वर्सा गावासमोरच पडलो. मेलो का?"

मला राग येतो त्या माणसांचा, जी प्रेमापोटी दुसऱ्याला बसवून ठेवतात. रुडॉल्फचा मात्र राग येईना. तासून ठेवलेल्या त्या दोन चाकांवरून त्याने हात फिरवला. पोरीकडे पाहिलं. मग त्याने करवत माझ्या दांड्याला लावली आणि तो सेसिलियाच्या छातीइतका आखूड केला. ती दोन लहान चाकं माझ्या मागे बसवली. बाळं चालायला शिकतात तो पांगुळगाडा असतो ना, तसा मी झालो, फक्त थोराड.

सहदेवने आधी मला घेऊन वाट मोजली. क्रुसापासून चर्चच्या पायरीपर्यंत बावन्न फेरे.

पहिल्या दिवशी सेसिलियाने तीन केले. आठवड्याने अकरा. 'टिक्' वाजलं की ती मोठ्याने आकडा म्हणायची. सहदेव काठी टेकत बाजूने चालायचा आणि बजावायचा, "मागं नको खेचू गो, केलेला जाईल."

कम्युनियनला चार दिवस उरले असताना ती चाळिसाव्या फेऱ्यावर पोचली. तिथे जरा चढ आहे. डावा पाय घसरला, दांडा हातातून सुटला आणि मी उतारावरून मागे घरंगळलो. मागे राहिलेल्या सहदेवने काठी आडवी घालून मला थांबवलं, तेव्हा काटा एकतिसावर होता. ती बसल्या बसल्या सरकत माझ्यापर्यंत आली; गुडघा फुटला होता, पण ती रडत होती काट्याकडे बघून. "नऊ गेले काका! माझे नऊ गेले!"

बावीस वर्षं माझ्या काट्यापुढे सहदेवने कोणाचं ऐकलं नव्हतं. साहेबाचंसुद्धा नाही. तो मोठ्या कष्टाने तिच्याजवळ खाली बसला.

"काटा मागं गेला," तो म्हणाला. "तू नाय गेलीस. तुझे पायांनी चालीस केले, ते पायांकडं हाईत."

तिने नाक पुसलं. "मंग परत चालीसपासून?"

"नाय तर काय!"

कम्युनियनच्या सकाळी ती पांढऱ्या झग्यात क्रुसापाशी उभी राहिली. मेणबत्ती बिट्रिसने धरली, कारण सेसिलियाचे दोन्ही हात माझ्या दांड्यावर. रांग निघाली आणि थोड्याच वेळात आम्ही मागे पडलो. लोक वळून बघत होते. कोणी हळहळत होतं, कोणी कुजबुजत होतं. चढावर ती थांबली, दात आवळले, पुन्हा निघाली. पन्नास. एक्कावन्न. बावन्न.

समोर दगडी पायऱ्या. तीनच, पण चाकाला पायरी चढता येत नाही. रुडॉल्फ हात पसरून पुढे झाला. बिट्रिसने, पडण्याची सगळ्यात जास्त धास्ती घेतलेल्या त्या बाईने, त्याची बाही धरली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बोलवंल तर जाऊ."

सेसिलियाने बोलावलं नाही. एक हात भिंतीला लावला, उजवा पाय वर ठेवला, डावा ओढून घेतला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. मग ती दारातून आत गेली, आईबाप तिच्या मागून. मी बाहेर राहिलो. सहदेव पायरीवर माझ्याशेजारी टेकला. आतल्या फरशीवर एक पाऊल वाजे, मग घासल्याचा आवाज, मग पाऊल. ते आवाज लांब लांब जात राहिले. एवढे रस्ते मोजले मी, आणि हा रस्ता मोजणं माझ्या हाती नव्हतं.

मिसा, म्हणजे आतली प्रार्थना, संपली. ती भिंत धरत बाहेर आली, घामाने भिजलेली.

"आत किती झाले गो?" सहदेवने विचारलं.

 सेसिलियाने तोंडावर हात ठेवला.

"मोजायला इसरले, काका!"

सहदेव असा हसला, की त्याला धरून उठवावं लागलं.

आता मी रुडॉल्फच्या कारखान्यात असतो. आळीत कोणाचा पाय मोडला, कोणी आजारातून उठलं, की मला नेतात. तबकडी पार अडकून बसली आहे, आणि ती दुरुस्त करा असं अजून कोणी म्हटलेलं नाही. तलावाकाठच्या त्या गाडीने माझं नाव खुशाल वापरावं. तुम्हाला मात्र एकच विनवणी. तुमच्या घरात कोणी धडपडत उभं राहत असेल, तर लगेच उचलून घेऊ नका. जवळ थांबा. तेवढं पुरतं.