तिसरा उतारा

फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या शब्दकोश कार्यालयात ‘एस’ अक्षर सोळा वर्षं बेरांजेर कोलँच्या टेबलावर होतं. हळूहळू ती ‘सूत्याँ-गोर्ज’पाशी पोचली. म्हणजे ब्रेसिअर, शब्दशः ‘गळ्याचा आधार’. शंभरेक वर्षांपूर्वीची सभ्य माणसं छातीचं नाव घ्यायची वेळ आली की गळ्यापर्यंत उतरत आणि तिथेच थांबत. कोशातली व्याख्या मात्र धीट होती : ‘दोन्ही स्तनांना आधार देणारे अंतर्वस्त्र’.

बेरांजेरचा डावा स्तन जानेवारीत काढला होता. जूनमध्ये गाठ यकृतात सापडली. हा खंड छापायला जाण्याआधी तिला एकच गोष्ट करायची होती. त्या शब्दाखाली दुसरा अर्थ घालायचा : ऑपरेशननंतर बाई घालते ते, खोट्या स्तनासाठी खिसा शिवलेलं.

“नव्या अर्थाला तीन छापील उतारे लागतात, तीन वेगळे लेखक,” मुख्य संपादक तूव्हनँ म्हणाले. “आणि दुकानांचे कॅटलॉग चालत नाहीत, मादाम.”

“मग मीच लिहिते.”

“कोशातल्या माणसाचं लिखाण कोशाला चालत नाही. नियम तुमचाच आहे.”

होता खरा. तिने त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं. एक झालं.

केमोच्या वॉर्डात शेजारच्या खुर्चीत जिनेत बसायची, निवृत्त पोस्टमन.

“मी जन्मभर पत्रं वाटली गं, लिहिली नाहीत.”

“चार ओळी लिही. काय घालतेस ते.”

“गावभर कळेल की.”

“तुझ्या डोक्यावर केस नाहीत, जिनेत. गावाला कळलंय.”

दोन झाली. तिसरं पत्र पलीकडच्या खुर्चीतल्या शिक्षिकेने मनावर घेतलं. कच्चा मसुदा झाला. पक्का करायच्या आत ती गेली.

“मसुदा छापील नव्हे,” तूव्हनँ फोनवर म्हणाले. “खंड गुरुवारी जातोय.”

“तुमच्या बायकोचंही ऑपरेशन झालं होतं ना? तुम्ही लिहा.”



“मी कोशातला माणूस आहे, बेरांजेर. निवृत्तीला चार वर्षं आहेत.”

“आणि पुढची आवृत्ती?”

“पंधरा वर्षांनी.”

“बरं,” ती म्हणाली. नर्स सलाइन बदलायला आली होती, म्हणून तिने फोन ठेवला.