जामखेडला बदललेला शर्ट

बीडची एसटी जामखेडच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबते. तेवढ्यात बाकीचे लोक चहा पितात आणि शहादेव शर्ट बदलतो. महिन्यातून एकदा, न चुकता. स्वच्छतागृहातल्या फुटक्या आरशासमोर अंगातली खाकी काढायची, तोंडावर पाणी मारायचं, पिशवीतला घडीचा निळा शर्ट घालायचा आणि भांग पाडायचा. बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवानंही इतकं मनावर घेतलं नसतं.

शहादेव स्वतः एसटीचा ड्रायव्हर. गाव पाटोदा तालुक्यातलं, नोकरी मात्र पार कोकणातल्या एका डेपोत. घर ते डेपो साडेचारशे किलोमीटर, तीन गाड्या, तेरा तास. बदलीचा अर्ज तीन वर्षांपासून साहेबांच्या टेबलावर निवांत बसून होता, त्याला कसलीच घाई नव्हती. घाई सगळी शहादेवला. जादा ड्युट्या करून तो सुट्ट्या जोडायचा, त्यातला बराचसा वेळ रस्त्यानंच खायचा आणि घरी म्हणून एक दिवस हाती उरायचा.

त्या एका दिवसाचं काय व्हायचं तेही ऐका. त्याची लेक जाई सव्वादोन वर्षांची. रोज संध्याकाळी पाचला, समुद्राकाठच्या एका गावात गाडी परतीसाठी उभी असली, की शहादेव ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच घरी व्हिडिओ कॉल लावायचा. फोन समोरच्या काचेला टेकवलेला. पलीकडून जाई म्हणायची, "पप्पा, पों." हा हॉर्न वाजवायचा. ती खिदळायची, पुन्हा "पों", पुन्हा हॉर्न. त्या गावातल्या लोकांचं पक्कं मत झालं होतं, की हा घाटावरचा ड्रायव्हर जरा सरकलेला आहे.

आणि हीच जाई, बाप प्रत्यक्ष समोर उभा राहिला की आईच्या मानेत तोंड खुपसून भोकाड पसरायची. दिवसभर घरात लपत फिरायची. जाता जाता कुठं त्याच्या हातून बिस्कीट घ्यायला लागायची, तोवर याच्या गाडीची वेळ झालेली असायची. त्याच्या आईनं, तुळजाबाईनं, वर्षापूर्वीच, जाईला अजून 'पों' म्हणताही येत नव्हतं तेव्हा, निदान करून टाकलं होतं. "खाकीला भेती रे ती. पोलीस वाटतो तू तिला. आमीच म्हणतो ना, झोप न्हाईतर पोलीस येईल." शहादेवला ते पटलं, आणि तेव्हापासून जामखेडचा हा सोहळा सुरू झाला. रडणं थांबलं नाही, पण शर्ट बदलणंही चुकलं नाही.

मागच्या खेपेला निघताना तो बायकोला म्हणाला होता, "मंगल, एकदा तरी पोरगी आपणहून माझ्याकडं आली पायजे. न्हाईतर मी बाप कशाचा, पाहुणाच की."  ते आपलंच वाक्य महिनाभर त्याच्या डोक्यात घाट चढत-उतरत होतं.

आज नगरपासून तो कंडक्टरच्या शेजारी बसला होता. बसला म्हणायचं आपलं. ड्रायव्हरला दुसऱ्याच्या गाडीत बसवणं म्हणजे सुगरणीला दुसरीच्या चुलीपुढं गप्प बसवण्यासारखंच आहे. वळण आलं की याचा पाय आपोआप ब्रेक दाबायचा, पायाखाली ब्रेक नसताना. घटकेत घड्याळ बघ, घटकेत पिशवीची चेन उघड, पुन्हा लाव. कंडक्टर दीपमाला शेवटी हसून म्हणाली, "भाऊ, खालचा पत्रा फुटंल."

जामखेडला निळा शर्ट घालून, भांग पाडून तो बाहेर आला, तर गाडीपाशी गर्दी. ड्रायव्हर म्हाळूमामा चहाच्या टपरीपुढच्या बाकावर आडवे झाले होते, अंगाला दरदरून घाम. चहाचा कप हातात घेतला आणि चक्कर आली, म्हणे. स्टँडवरच्या कंट्रोलरनं रिक्षा बोलावून त्यांना दवाखान्यात पाठवलं आणि प्रवाशांना सांगितलं, "दुसरा ड्रायव्हर यायला दोन तास लागतेन."

दोन तास, तेही शहादेवच्या त्या एका दिवसातले. 

"साहेब, हे आपलेच ड्रायव्हर हायत," दीपमाला त्याच्याकडं बोट करून म्हणाली. "पास बघितलाय मी."

"मी सुट्टीवर हाय," शहादेव पटकन म्हणाला.

कंट्रोलर ऐकतोय कशाला. त्यानं इकडं फोन लावला, कोकणात फोन लावला, दहा मिनिटांत परवानगी आणून हातात ठेवली. म्हणाला, "बीडपर्यंत न्या. तिथं आमचा माणूस गाडी घेईल."

शहादेवच्या गावाचा फाटा पाटोद्याच्या पुढं, लिंबागणेशच्या अलीकडं. बीड तिथून आणखी तासभर. इथं बसून राहिलं तरी दोन तास जाणार, गाडी बीडला पोचवून फाट्यावर परत आलं तरी दोनच तास. मग हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा गाडी हाकलेली बरी. यात परोपकार वगैरे काही नव्हता, त्याला नुसतं बसवत नव्हतं.

"खाकी हाय ना जवळ?" कंट्रोलर म्हणाला. "असल्या शर्टावर गाडी देता यायची न्हाई."

झालं. पुन्हा तोच फुटका आरसा. रात्रभराच्या प्रवासानं आंबलेली खाकी त्यानं अंगात चढवली आणि मंगलला फोन लावला. ती नेहमी जाईला स्कूटीवर पुढं उभं करून त्याला न्यायला फाट्यावर यायची.

"आज येऊ नको. गाडी घेऊन बीडला चाललोय, दुपारी येतो."

"आमी तर निघालोत. फाट्यावर दोन मिनिटं थांबवा, मग जावा."

"कशाला उगं? खाकीत हाय मी. चाळीस माणसांपुढं रडंल ती."

"रडू द्या," मंगल म्हणाली आणि फोन ठेवला.

स्टेअरिंग हाती आल्यावर त्याचा पाय शांत झाला, मन काही झालं नाही. मागच्या सीटवर एक धोतरवाले काका होते. गाडी कुठं दामटावी, कुठं आवरावी, हे त्यांना शहादेवपेक्षा जास्त कळत होतं. अशा उंटावरच्या शहाण्यांना तो एरवी दोन शब्द सुनावायचा. आज त्याचं लक्षच नव्हतं. पाटोदा आलं, गेलं. फाटा जवळ येऊ लागला तशी त्याला भीतीच वाटू लागली. महिनाभर वाट बघायची आणि पहिलं दर्शन काय, तर पोरीचं रडणं. थांबूच नये, सरळ पुढं जावं, दुपारी निळ्या शर्टात यावं, असं त्यानं ठरवूनही टाकलं.

मग लिंबाखाली उभी स्कूटी दिसली, आणि पायानं आपला आपण ब्रेक दाबला.

मंगल जाईला काखेला घेऊन ड्रायव्हरच्या खिडकीखाली आली. शहादेवनं तिकडं बघितलंच नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट धरून तो रडण्याची वाट बघत बसला.

"पप्पा," खालून आवाज आला. "पों."

त्यानं खाली बघितलं. जाई हसत होती. तो तिच्याकडं बघतच राहिला, तशी तिनं जरा दटावून पुन्हा सांगितलं, "पप्पा, पों."

त्यानं हॉर्न दाबला. ती खिदळली आणि तिनं दोन्ही हात वर केले. त्यानं दार उघडलं, मंगलनं तिला वर दिलं, आणि जाई बापाच्या मांडीवर अशी बसली, जशी काही रोजच बसत होती. तिनं स्टेअरिंगवर हात ठेवले, मागं वळून खाकीचं बटण चाचपून बघितलं. तिचा बाप हाच होता. खाकीतला, स्टेअरिंगमागचा, हॉर्न वाजवणारा. निळ्या शर्टातला भांग पाडलेला तो माणूस कोण, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे वर्षभर शहादेव साडेचारशे किलोमीटर यायचा आणि तिचा बाप जामखेडला काढून पिशवीत भरायचा.

"बघा की," मंगल खालून एवढंच म्हणाली. 

"ओ ड्रायव्हर, दोन मिनिटं झाली," मागून काका म्हणाले. "बसा हो जरा," दीपमालानं त्यांना गप्प केलं. पण गाडी शेवटी चाळीस जणांची. पाच मिनिटांनी तिनंच नाइलाजानं दोनदा घंटी मारली.

जाई स्टेअरिंग सोडेना. मंगलनं एकेक बोट सोडवून तिला खाली घेतलं, तशी ती हातपाय झाडत रडू लागली. आजवर ती बापाकडं दिलं की रडायची, आज बापापासून काढली म्हणून रडत होती. शहादेवचं काळीज तुटत होतं आणि त्याच वेळी त्याला इतका आनंद झाला होता, की त्याची त्यालाच लाज वाटली.

"संध्याकाळी असाच येतो," तो मंगलला म्हणाला. "खाकीतच."

रोजच्या कॉलच्या सवयीनं दुपारऐवजी संध्याकाळ म्हणून गेल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही. त्यानं गिअर टाकला. गाडी हलली आणि त्यानं हॉर्न दाबला. मग पुन्हा दाबला.

"रस्ता मोकळा हाय की रं," मागून काका म्हणाले. "कुणासाठी वाजवतो?"

 आरशात स्कूटी दिसत होती तोवर शहादेव वाजवत राहिला, आणि वळण आल्यावर त्यानं खाकीच्या बाहीनं डोळे पुसले.